गोल्फचे शॉट-ट्रॅकिंग सेन्सर: घ्यायचे का, आणि घेतलेच तर नोंद बिघडू न देता कसे वापरायचे

सेन्सर (प्रत्येक फटक्याची नोंद घेणारी छोटी यंत्रं) घेतले, ग्रिपच्या (क्लबच्या मुठीच्या) टोकांना बसवले, चार-पाच राउंड खेळले. मग ॲप म्हणतं तुमचं सात आयर्न १२४ यार्ड जातं. ते काही पटत नाही आणि सेन्सर कपाटात जातात. असं फार जणांचं होतं, आणि बहुतेक वेळा दोष सेन्सरचा नसतो. नोंद घेण्याची रीतच चुकलेली असते.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा: सेन्सरला चेंडू दिसत नाही. कोणता क्लब चालला, कुठे चालला आणि कधी चालला, एवढंच त्याला कळतं. चेंडू किती लांब गेला हे ॲप काढतं ते तुम्ही पुढचा फटका कुठून मारलात त्यावरून. म्हणून मधला एखादा फटका नोंदायचा राहिला, की आधीच्या फटक्याच्या अंतरात त्याचंही अंतर मिसळतं. न मारलेला फटका नोंदला गेला, की एकाच फटक्याचे दोन तुकडे होतात. अशा नोंदींची सरासरी काढून उपयोग काय?

तेव्हा घ्यायचे की नाही, याचं उत्तर पैशांपेक्षा सवयीवर ठरतं. महिन्याला दोन-तीन राउंड होत असतील आणि प्रत्येक राउंडनंतर दहा मिनिटं बसून नोंद दुरुस्त करायची तयारी असेल, तर घ्या. त्या दहा मिनिटांचाच कंटाळा असेल, तर कितीही महागडा संच तुम्हाला खोटेच आकडे देईल.

## टप्पा १: विकत घेण्याआधी तीन राउंड कागदावर

स्कोअरकार्डाच्या रिकाम्या रकान्यांत प्रत्येक होलला पाच गोष्टी लिहा: टीवरून (होल जिथून सुरू होतं तिथून) कोणता क्लब घेतला, चेंडू कुठे थांबला (फेअरवे, रफ, बंकर, झाडी), ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) जाण्यासाठी कोणता क्लब मारला, पहिला पट (ग्रीनवर भोकाकडे घरंगळवलेला फटका) किती पावलांचा होता, आणि एकूण पट व दंड किती.

तीन राउंडांत दोनपैकी एक गोष्ट दिसेल. कधी उत्तर कागदावरच सापडतं. दर राउंडला चार-पाच चेंडू पाण्यात किंवा हद्दीबाहेर जात असतील, तर काय सुधारायचं ते सांगायला सेन्सर लागत नाही. कधी कागद अपुरा पडतो: दंड फारसे नाहीत, पट बरे आहेत, तरी स्कोअर खाली येत नाही आणि फटके कुठे जातात ते कळत नाही. अशा खेळाडूला सेन्सरचा खरा उपयोग होतो.

अगदी नवशिक्यांनी थांबावं. सात आयर्नचा एक फटका १३० यार्ड, दुसरा ४० आणि तिसरा जमिनीलगत घसरत ८० जात असेल, तर त्या क्लबला ठरावीक असं अंतरच नाही. मोजून हाती काही लागत नाही.

तपासा: तीन राउंड हे पाच रकाने न चुकता भरले गेले का? अर्ध्यावर सुटले असतील तर राउंडनंतरची दुरुस्तीही अर्ध्यावर सुटेल, असं धरून चाला.

## टप्पा २: प्रकार ठरवा

बाजारात मुख्यतः तीन पद्धती आहेत. जाहिरातीत तिन्ही सारख्याच वाटतात, मैदानावर मात्र फार वेगळ्या वागतात.

बॅटरीवाले सेन्सर आणि फोन. आर्कोस हे यातलं ठळक नाव. सेन्सर क्लब ओळखतो. फोनच्या भरवशावर खेळायचं तर फोन पुढच्या खिशात ठेवावा लागतो, कारण फटक्याचा आवाज फोनचा मायक्रोफोन टिपतो. फोन मागच्या खिशात, बॅगेत किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवला की फटके गळतात. खिशात फोन नको असेल तर कमरेला लावायचं वेगळं छोटं यंत्र मिळतं. या पद्धतीत वार्षिक वर्गणी असते. खरेदीच्या किमतीत किमान तीन वर्षांची वर्गणी मिळवा आणि मगच तुलना करा.

घड्याळ आणि बिनबॅटरीचे टॅग. शॉट स्कोप असं चालतं. टॅग हलके असतात, बॅटरी घड्याळातच असते आणि वर्गणी नसते. फोन बॅगेत राहिला तरी चालतं. घड्याळ घालून स्विंग करणं ज्यांना सहन होत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. चार राउंडांत घड्याळ काढून ठेवाल.

घड्याळ फटका ओळखतं, सेन्सर जोडायचे की नाही ते तुमच्यावर. गार्मिनची अनेक घड्याळं मनगटाच्या हालचालीवरून फटका टिपतात, पण पट टिपत नाहीत आणि क्लबचं नाव तुम्हालाच भरावं लागतं. ॲप्रोच सीटी१० हे सेन्सर जोडले की क्लब आपोआप कळतो. त्यात सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बसतो आणि तो घरी बदलता येतो. घड्याळ पुढच्या हाताच्या मनगटावर हवं, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या.

घेण्याआधी चार गोष्टी बघाच:

- तुम्ही नेहमी खेळता त्या मैदानाचा नकाशा त्या ॲपमध्ये आहे का, आणि त्यात सगळे होल व सध्याच्या टी आहेत का.
- तुमचं घड्याळ किंवा फोन कंपनीच्या सुसंगत यादीत आहे का. एकाच कंपनीचं प्रत्येक घड्याळ प्रत्येक सेन्सरशी जुळतं असं नाही.
- सगळ्या ग्रिपांच्या टोकाला भोक आहे का. जाड पटर ग्रिपांवर ते कधी नसतं, कधी मोठं असतं.
- पटरच्या टोकाला चेंडू उचलायची रबरी वाटी लावता का. वाटी आणि सेन्सर एकाच जागी बसणार नाहीत. पाठदुखीवाल्यांनी याचा आधीच विचार करावा.

## टप्पा ३: बसवणं आणि जोडणं

घाई सर्वांत महाग पडते ती इथे. पाच आयर्न आणि सहा आयर्न यांचे सेन्सर अदलाबदल झाले तर ॲप तक्रार करत नाही. महिनाभर ते मुकाट्याने उलटे आकडे गोळा करत बसतं.

१. सगळे क्लब ड्रायव्हरपासून पटरपर्यंत क्रमाने जमिनीवर मांडा. चौदापेक्षा जास्त असतील तर आत्ताच ठरवा कोणते बाहेर. नियम ४.१ब नुसार राउंडला चौदाच चालतात.

२. ॲपमधली बॅग आधी भरा. वेजना (जवळच्या फटक्यांचे, तिरक्या तोंडाचे क्लब) नुसतं ‘वेज’ नाव देऊ नका. लॉफ्टचे (क्लबच्या तोंडाच्या कलाचे) अंश लिहा: ५०, ५४, ५८. महिन्याभराने ‘सँड वेज’ म्हणजे दोनपैकी कुठला, हा वाद स्वतःशीच घालावा लागत नाही.

३. ग्रिपच्या टोकाचं भोक दात कोरायच्या काडीने साफ करा. आत माती असली की स्क्रू तिरका शिरतो.

४. एक क्लब उचला, सेन्सर हाताने सरळ फिरवत बसवा, ॲपशी जोडा, क्लब बाजूला ठेवा. मगच दुसरा. सगळे सेन्सर आधी बसवून नंतर एकदम जोडायला गेलात, तर जवळ पडलेला भलताच सेन्सर पकडला जाण्याची शक्यता वाढते.

५. सेन्सरची टोपी ग्रिपला सगळीकडून टेकली की थांबा. पक्कड लावू नका. जास्त आवळला तर आतलं रबर फाटतं. मग सेन्सर जागच्या जागी फिरत राहतो आणि चार राउंडांत बॅगेच्या तळाशी सापडतो. कधी सापडतही नाही.

पटरसाठी बऱ्याच संचांत वेगळा सेन्सर असतो, कारण पटची हालचाल संथ असते. खोक्यातला पटरचा सेन्सर ओळखून आधीच बाजूला काढा. पटर ग्रिपला भोक नसेल तर स्वतः ड्रिल मारण्याआधी ग्रिपच्या आत काय आहे ते बघा. काही ग्रिपांत वजनाचा तुकडा असतो.

वजनाबद्दल खूप बोललं जातं. ग्रिपच्या टोकाला साधारण ४ ते ५ ग्रॅम वाढले की स्विंगवेट (फिरवताना क्लबचं डोकं किती जड वाटतं त्याचं माप) एका अंकाने उतरतं. बहुतेकांच्या हाताला ते जाणवत नाही. पण अर्ध्या क्लबांना सेन्सर आणि अर्ध्यांना नाही, असं मात्र करू नका. हातांची जागा ही त्याहून खरी अडचण. अगदी टोकाला धरण्याची सवय असेल तर टोपी तळव्याच्या टाचेला टोचते. मग नकळत क्लब सेंटिमीटरभर खाली धरला जातो आणि अंतर थोडं घटतं. पहिले दोन राउंड हे लक्षात ठेवा.

तपासा: डोळे मिटून बॅगेतून तीन क्लब काढा आणि सरावाच्या जागी प्रत्येकाने एक फटका मारा. ॲपमध्ये तीच नावं त्याच क्रमाने आली पाहिजेत. एकही चुकलं तर सगळे पुन्हा तपासा.

## टप्पा ४: पहिल्या टीवर पाय ठेवण्याआधी

आदल्या रात्री घरी: ॲप अद्ययावत करा, घड्याळ किंवा फोन पूर्ण चार्ज करा, मैदानाचा नकाशा उतरवून घ्या. मैदानावर नेटवर्क मिळेलच असं नाही.

फोनमध्ये दोन सेटिंग नक्की बघा. ॲपला ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’ अशी हवी. बॅटरी वाचवण्याची सोय बंद हवी, नाहीतर स्क्रीन काळी झाल्यावर फोन ॲपला झोपवतो. ‘सहाव्या होलनंतर नोंदच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

राउंड पहिल्या टीवर सुरू करा. पार्किंगमध्ये किंवा सरावाच्या ग्रीनवर सुरू केलात तर सरावाचे पंधरा पट पहिल्या होलच्या खात्यात जातात. मोकळ्या आकाशाखाली एक-दोन मिनिटं उभं राहा, जीपीएस स्थिरावू द्या, कोणत्या टीवरून खेळताय ते निवडा आणि मग सुरू करा.

सावधान, स्पर्धा असेल तर: नियम ४.३अ नुसार अंतर मोजायला हरकत नाही. पण चढ-उताराचा फरक मोजणं, किंवा चेंडू जिथे आहे त्यावरून यंत्राने सुचवलेला क्लब वा खेळण्याची रेषा घेणं चालत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात) पहिल्यांदा दोन फटके दंड, पुन्हा वेगळा भंग झाला की बाद. बऱ्याच ॲपमध्ये नेमक्या याच सोयी आपोआप चालू असतात, तेव्हा त्या बंद करा किंवा ॲपची स्पर्धेसाठीची अवस्था निवडा. काही स्पर्धांचा स्थानिक नियम अंतर मोजणारी यंत्रंच बंद करतो, म्हणून सूचनापत्रक वाचा.

## टप्पा ५: मैदानावर कसं वागायचं

सेन्सरसाठी खेळ बदलायची गरज नाही. काही सवयी मात्र सोडाव्या लागतात.

सरावाचा स्विंग त्याच क्लबने आणि चेंडूजवळच करा. एकाच जागी त्याच क्लबचे दोन स्विंग झाले तर ॲप सहसा त्यांचा एक करतं. गोंधळ होतो तो क्लब बदलल्यावर. आठ आयर्नने गवत घासून सराव केला, मग मन बदललं आणि सात आयर्नने मारलं, तर आठचाही एक फटका नोंदला जातो.

क्लब आपटू नका. वेजने बुटाची वाळू झटकणं, चिडून बॅगेवर क्लब मारणं, गाडी खड्ड्यातून नेताना क्लब एकमेकांवर आदळणं, या सगळ्यांतून खोटे फटके जन्माला येतात. बॅगेत ग्रिप खालीच राहू द्या. प्रकाश पडला की जागे होणारे सेन्सर अंधारात झोपतात. क्लब उलटे ठेवले तर ते दिवसभर जागे राहून सेल संपवतात. प्रवासाच्या पिशवीतही हेच लक्षात ठेवा.

ग्रीनजवळचे हलके फटके सर्वांत जास्त गळतात. दहा यार्डांची चिप, मऊ वाळूतून काढलेला चेंडू, सहा इंचांचा टॅप-इन. धक्का इतका हलका असतो की सेन्सरला तो फटका वाटत नाही. ग्रीन सोडताना त्या होलचा आकडा स्क्रीनवर बघा. चूक असेल तर कार्डावर फक्त खूण करा, ‘चिप नाही’ एवढीच. तिथेच उभं राहून दुरुस्त करायला लागलात तर मागचा गट खोळंबतो आणि तुमचं लक्षही उडतं.

पिनची (भोकात उभ्या झेंड्याच्या काठीची) जागा नोंदवा. शॉट स्कोपमध्ये होलजवळ घड्याळाचं बटण दाबून पिनची जागा आणि पटांची संख्या देता येते. इतरत्र ॲपमध्ये पिन सरकवावा लागतो. चेंडू भोकातून काढताना हे करायची सवय लावा. नाही जमलं, तर निदान कार्डावर लिहा: ‘पुढे डावीकडे’, ‘मागे मध्ये’.

पुन्हा एक पट मारून बघायचा मोह. होल संपल्यावर त्या ग्रीनवर सरावाचा पट मारायला नियम ५.५ब परवानगी देतो. सेन्सरला मात्र तो खराच वाटतो. मारलात तर खूण करा.

उचललेला चेंडू. मित्राने ‘चालेल, उचल’ म्हटलं आणि उचललात, तर तो पट हातानेच भरावा लागेल.

## टप्पा ६: राउंडनंतरची दहा मिनिटं

सगळं मोल इथे आहे. ही दुरुस्ती त्याच दिवशी करा. तीन दिवसांनी अकराव्या होलवर दुसरा फटका कोणता होता ते आठवत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पिन सरकवला आणि नंतर गळलेला फटका घातला, तर काही ॲपमध्ये जागा पुन्हा हलतात. म्हणून असं जा:

१. कार्डाशी संख्या जुळवा. प्रत्येक होलचे फटके, पट आणि दंड. जे होल जुळतात त्यांना हात लावू नका. साधारण पाच-सहा होलच उरतात.

२. खोटे फटके काढा. सरावाचे, आपटलेले, गाडीतले.

३. गळलेले फटके घाला. नकाशावर नेमक्या जागी ठेवा. चिपची जागा पाच यार्ड चुकली तरी चालेल, क्लब चुकला तर चालणार नाही.

४. दंड. समजा ड्रायव्हरने चेंडू २३५ यार्डांवर पाण्यात गेला आणि तुम्ही १९० यार्डांवर ड्रॉप घेतलात (चेंडू हाताने टाकून पुढे खेळलात). पुढचा फटका १९० वरून झाला, म्हणून ॲप म्हणतं ड्रायव्हर १९० गेला. दंड त्याच फटक्याला जोडा. फटका अंतराच्या हिशेबातून वगळायची सोय असेल तर वगळा. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूचं प्रकरण आणखी अवघड: त्याच टीवरून त्याच क्लबने दोन स्विंग झाले, आणि ॲपने पहिला सराव समजून गिळला. तो परत घालावाच लागतो, नाहीतर कार्डावरचे दोन फटके कुठेच सापडत नाहीत. प्रोव्हिजनल (पहिला चेंडू हरवला असेल या शंकेने मारलेला दुसरा चेंडू) खेळलात पण पहिला चेंडू सापडला, तर उलट करा: प्रोव्हिजनलचे फटके पुसा.

५. क्लबची नावं. एकदा नजर टाका. रफमधून तीन वुड २० यार्ड गेल्याचं दिसलं तर तो बहुधा वेज असणार.

६. पिन. बहुतेक जण हा भाग सोडतात. ॲप पिन सहसा ग्रीनच्या मध्यावर धरून चालतं. ग्रीन तीस यार्ड खोल असेल तर खरा पिन मध्यापासून दहा-बारा यार्ड पुढे-मागे असणं रोजचंच.

त्याने काय बिघडतं ते एका होलवर बघू. तुमचा अप्रोच (ग्रीनवर जाण्यासाठी मारलेला फटका) पिनपासून ६ फुटांवर थांबला आणि तुम्ही दोन पट लावले. ॲपमधला पिन १४ फूट चुकीचा आहे, म्हणून त्याच्या लेखी पहिला पट २० फुटांचा. पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या) खेळाडूंना ६ फुटांवरून सरासरी १.३४ पट लागतात आणि २० फुटांवरून १.८७. खऱ्या हिशेबात तुम्ही पटिंगमध्ये (२ वजा १.३४) ०.६६ फटका गमावलात. ॲपच्या हिशेबात फक्त ०.१३. मधला ०.५३ अप्रोचच्या माथी बसला. म्हणजे फटका छान मारला, पट चुकवला आणि ॲप सांगतंय पटिंग ठीक आहे, आयर्नवर मेहनत घ्या. असे होल प्रत्येक राउंडला चार-पाच असतील तर महिनाभर चुकीच्याच गोष्टीचा सराव होईल.

त्यात जीपीएसची मर्यादा आहेच. मोकळ्या जागी अशा यंत्रांची चूक तीन ते पाच मीटर असू शकते, दाट झाडांखाली अधिक. दोन मीटरच्या पटचं अंतर जीपीएस मोजूच शकत नाही. म्हणून पहिल्या पटचं पावलांतलं अंतर कार्डावर लिहिण्याची टप्पा १ मधली सवय सेन्सर आल्यावरही सोडू नका. ॲपमध्ये हाताने भरता येत असेल तर भरा.

तपासा: ॲपचा एकूण स्कोअर कार्डाच्या स्कोअरइतकाच आला पाहिजे. एकाचा फरक असेल तरी राउंड जतन करण्याआधी शोधा. फार गोंधळ झाला असेल तर तो राउंड हिशेबातून पूर्ण वगळा. अर्धवट दुरुस्त राउंडापेक्षा तो नसलेला बरा.

## टप्पा ७: आकडे कधी आणि कसे वाचायचे

दहा राउंड होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. ड्रायव्हरचे फटके एका राउंडला दहा-चौदा होतात, त्यामुळे त्याचं चित्र लवकर उभं राहतं. सहा आयर्न एका राउंडला दोन-तीनदा निघतं. दहा राउंडांनंतरही त्याचे पंचवीस-तीसच फटके हाती असतात.

सरासरीऐवजी मधला आकडा बघा. सात आयर्नचे पाच फटके: १४८, १५१, १४६, ९२, १५०. सरासरी १३७ येते, पण एकही फटका १३७ च्या आसपास नाही. क्रमाने लावून मधला घेतला तर १४८. बरीच ॲप बिघडलेले फटके आपोआप वगळून अंतर देतात. तुमचं ॲप कोणता आकडा दाखवतंय ते मदतीच्या पानावर वाचून घ्या. झाडीतून सात आयर्नने मुद्दाम साठ यार्ड काढलेला फटकाही असाच वगळायचा. वेजमध्ये पूर्ण, पाऊण आणि अर्ध्या स्विंगचे फटके एकत्र येतात. त्यांची सरासरी कशालाच लागू पडत नाही, तिकडे दुर्लक्ष करा.

हे एकूण अंतर आहे. चेंडू घरंगळत गेलेले यार्डही त्यात आहेत. ग्रीनच्या अलीकडे बंकर असेल तर तुम्हाला हवेतलं अंतर लागतं, आणि ते सेन्सर देत नाही. त्यासाठी लाँच मॉनिटरवर (चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) एकदा सगळे क्लब मोजून घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. कोरड्या, कडक जमिनीवर दोहोंतला फरक वाढतो, ओल्या जमिनीवर जवळजवळ राहत नाही.

स्ट्रोक्स गेन्ड हा आकडा नीट वाचला तर संचातला सर्वांत कामाचा. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ही पद्धत मांडली, आणि पीजीए टूरने २०११ पासून पटिंगसाठी ती वापरायला घेतली. हिशेब सोपा आहे. ८ फुटांवरून टूरच्या खेळाडूंना सरासरी १.५ पट लागतात. तुम्ही एकात घातलात तर अर्धा फटका कमावला, दोन लावलेत तर अर्धा गमावला. प्रत्येक फटका असा मोजून टी, अप्रोच, ग्रीनजवळचा खेळ आणि पटिंग या चार खात्यांत टाकतात. तुलना टूरच्या खेळाडूंशी ठेवलीत तर चारही खाती लाल दिसतील आणि काही कळणार नाही. ॲपमध्ये तुमच्यापेक्षा चार-पाचने कमी असलेला हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, कमी म्हणजे चांगला) तुलनेसाठी निवडा. मग सर्वांत खोल खातं कोणतं तेवढंच बघा. एकाच राउंडचं खातं बघून सरावाचा बेत बदलू नका, पटिंगचा आकडा तर राउंडागणिक उड्या मारतो.

अप्रोच कुठे चुकतात ते बघा: अलीकडे, पलीकडे, डावीकडे, उजवीकडे. अनेकांच्या नोंदीत चुकलेल्या अप्रोचचा ढीग ग्रीनच्या अलीकडे सापडतो. कारण क्लब निवडताना आपल्याला त्याचा सर्वांत लांब गेलेला फटका आठवतो. उपाय स्विंगमध्ये शोधायच्या आधी पुढचे पाच राउंड प्रत्येक अप्रोचला एक क्लब जास्त घ्या आणि ढीग कुठे सरकतो ते पाहा. आमच्या मते सेन्सरवरचा खर्च वसूल करणारा हा सर्वांत सोपा प्रयोग आहे. त्याला ना शिकवणी लागते, ना नवीन क्लब.

## टप्पा ८: ठेवायचे की काढायचे, आणि पुढची निगा

वर्गणी आपोआप पुढे चालू राहत असेल तर तिची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, पंधरा दिवस आधीची. त्या दिवशी स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या दहा राउंडांपैकी किती दुरुस्त केले? आकडे बघून एखाद्या क्लबची निवड खरोखर बदलली का? सरावाच्या वेळेची वाटणी बदलली का? दुरुस्त राउंड पाचाच्या आत असतील आणि पुढच्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर वर्गणी बंद करा. आणि दोन वर्षं नियमित वापरून सगळी अंतरं पाठ झाली असतील, दुबळं खातं ठाऊक असेल, तरीही काही काळ थांबवायला हरकत नाही. शरीर, क्लब किंवा स्विंग बदलला की पुन्हा दहा राउंड मोजा.

विकायचे असतील तर प्रत्येक सेन्सर तुमच्या खात्यातून सोडवा. जोडलेला सेन्सर नवीन मालकाला जोडता येत नाही, आणि मग फोन तुम्हालाच येतो. खातं पुसण्याआधी नोंदी उतरवून घेता येतात का ते बघा.

वापरात ठेवणार असाल तर नवीन आयर्न आल्यावर ॲपमधल्या जुन्या सात आयर्नचं नाव बदलून काम भागवू नका. नवीन क्लब म्हणून घाला आणि जुना निवृत्त करा. नाहीतर जुनं १४८ आणि नवं १५६ एकाच खात्यात मिसळेल. बरेच महिने खेळणं होणार नसेल तर बदलता येणारे सेल काढून ठेवा. आणि ग्रिप बदलायला देताना सेन्सर घरीच काढा, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून क्लबचं नाव लिहा. दुकानातून सगळे एका पिशवीत परत आले, तर टप्पा ३ पहिल्यापासून करावा लागतो.